चौदावा आठवडा, १२ किलोची केटलबेल आणि तीन जणांचे तीन सल्ले

अगं आधी अभिनंदन! तुला तू म्हणतेय, चालेल ना, वयाने बरीच मोठी असेन मी. तुझं म्हणणं थोडक्यात असं की १४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे, दोन वर्षं केटलबेल (वर कडी असलेला लोखंडी वजनाचा गोळा) करतेस, १२ किलोने स्विंग, म्हणजे ती दोन पायांमधून झुलवून वर नेणं, आणि १६ ने डेडलिफ्ट, म्हणजे खालून उचलून सरळ उभं राहणं, आणि आता डॉक्टर म्हणतात फक्त चाला, सासूबाई म्हणतात भरलेली बादलीसुद्धा उचलू नकोस आणि जिममधला ट्रेनर म्हणतो काही होत नाही, आहे तेच चालू ठेव. तर ऐकायचं कुणाचं.

मी फिजिओ आहे, त्यातली दहाएक वर्षं गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबरच काम करतेय, आणि केटलबेल स्वतः करते, शिकवतेही. तुला मी तपासलेलं नाही, तुझे रिपोर्ट बघितलेले नाहीत, त्यामुळे खालचं सगळं "रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं धरून लिहितेय. आणि आधीच सांगून टाकते, तिघांपैकी सगळ्यात जास्त चुकतोय तो तुझा ट्रेनर. सासूबाई नाहीत.

आधी भीतीचं बोलू, कारण खरा प्रश्न तोच असतो, वजनाचा नसतो. माझ्याकडे येणारी प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारते की वजन उचलल्याने गर्भ पडणार तर नाही ना. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा कारण गुणसूत्रांमधल्या गडबडीचं असतं, ते गर्भ राहिला त्या दिवशीच ठरलेलं असतं, तू बादली उचल नाहीतर पलंगावर पडून राहा. नॉर्मल गरोदरपणात मध्यम व्यायामाने गर्भपात वाढतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. पण हेही खरंय की आपल्याकडे काही झालं तर घरातले दारातले सगळे पहिलं बोट त्या वजनाकडे दाखवतात, आणि बाई स्वतः सुद्धा आयुष्यभर तेच मनात घेऊन बसते. हे मी बघितलंय. म्हणून पहिले बारा आठवडे कुणी म्हणाली की मॅडम मला नाही उचलायचं, मन घेत नाही, तर मी एका शब्दाने आग्रह करत नाही. फिटनेस परत येतो, तो अपराधीपणा मात्र जात नाही. तू तर बारा ओलांडून आलीस.

आता डॉक्टर. "फक्त चाला" हा सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धा आहे. पूर्वी खरंच जपूनच सांगायचे, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ मध्ये नियम काढला होता की गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके व्यायामात मिनिटाला १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, तो १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकला, पण आजही कितीतरी ठिकाणी तो आकडा सांगितला जातो. कॅनडाच्या २०१९ च्या गाईडलाईन्स आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाईडलाईन्स दोन्ही म्हणतात की काही अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, आणि त्यात नुसतं चालणं नाही, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम पण हवा. कॅनडावाल्यांनी तर लिहिलंय की असा व्यायाम करणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला डायबेटिस, ब्लडप्रेशर, प्रीएक्लम्पसिया (बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम होणं) यांची शक्यता जवळपास ४० टक्क्यांनी कमी दिसते. आपल्याकडे गरोदरपणात शुगर निघण्याचं प्रमाण किती आहे हे तुझ्या मैत्रिणींमध्ये विचारून बघ, ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा वर आलं की पथ्य सुरू. मांड्या आणि कुल्ल्यांचे मोठे स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा खरा फायदा मला तिथे दिसतो.

पण डॉक्टरांची बाजू पण समजून घे. ओपीडीत बाहेर तीस बायका बसलेल्या असतात, आणि तू विचारतेस "केटलबेल करू का?" त्यांच्या डोळ्यासमोर काय येणार, ऑलिम्पिकमधली वेटलिफ्टर. ते म्हणणारच की नको, चाला. म्हणून प्रश्न बदल. असं विचार की माझी प्लासेंटा म्हणजे वार, गर्भपिशवीचं तोंड, बीपी, हिमोग्लोबिन यात व्यायाम थांबवावा असं काही आहे का, मी दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास १२ ते १६ किलो वजनाने व्यायाम करते, धाप लागेपर्यंत जात नाही, हे चालू ठेवू का. दहापैकी आठ वेळा उत्तर वेगळं येतं. आणि कारण सांगून नको म्हणाले तर विषय संपला, तिथे मला किंवा आणखी कुणाला विचारायचं नाही.

कारणं कुठली ते सांगते. पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा तोंड आखूड आहे असं सांगितलं असेल, जुळं असून लवकर होण्याची भीती असेल, २६ आठवड्यांनंतरही वार तोंडावरच असेल, अंगावरून लाल जात असेल, पाणी गेलं असेल, बीपी वाढलेलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर वजन बाजूला. आणि हिमोग्लोबिन. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ७ च्या खाली गेलं की गंभीर. पोरगी जिमला जाते, प्रोटीन शेक पिते, आणि हिमोग्लोबिन ८.४, आणि मला म्हणते आजकाल स्टॅमिनाच नाही. अगं स्टॅमिना कुठून असणार, रक्त वाढतंय निम्म्याने जवळजवळ आणि त्यात लोह नाही. आठ-साडेआठ असेल तर मी आधी वजन उतरवते आणि डॉक्टरांकडे परत पाठवते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहा निदान तासभर लांब ठेव, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. तुझा शेवटचा आकडा किती आहे ते बघ आधी.

आता सासूबाई. त्या बादली म्हणतात ते मला उलट आवडलं, कारण बादली आणि केटलबेल एकच गोष्ट आहे. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोच्या वरच असते. फरक एवढाच की बादली आपण घाईत, वाकून, कंबरेतून, ओल्या फरशीवर आणि श्वास रोखून उचलतो आणि केटलबेल उचलताना पाय रोवून, पाठ सरळ ठेवून, श्वास सोडत उचलतो, निदान तसं अपेक्षित आहे. त्यामुळे ओल्या मोरीतली बादली नको हे त्यांचं बरोबरच आहे, ती खुशाल दुसऱ्या कुणाला उचलू दे. आणि दुसरं एक बघ, दुसऱ्या खेपेला गरोदर असलेली बाई दोन वर्षांचं, अकरा-बारा किलोचं पोर दिवसभर कडेवर घेऊन फिरते, एकाच बाजूला कमरेत वाकडी होऊन, आणि तिला कुणी म्हणत नाही की वजन उचलू नकोस, उलट म्हणतात घे गं त्याला, रडतोय.

याच्यावर लगेच कुणीतरी म्हणणार की आमच्या आज्या शेतात राबता राबता बाळंत व्हायच्या, त्यांना कुठे काय झालं. हे मला अजिबात पटत नाही. ज्यांना झालं त्यांच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत एवढंच. ऊसतोडीच्या फडावर सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढणारी बाई व्यायाम करत नसते, तिच्याकडे थांबायची सोय नसते. दिवसभर उभं राहणं, जड ओझं, विश्रांती नाही, पोटात अन्न नाही, अशा कामाचा वेळेआधी बाळंत होण्याशी थोडाफार संबंध अभ्यासात दिसतो, आणि स्वतःच्या मर्जीने केलेल्या अर्ध्या तासाच्या व्यायामाचा तसा दिसत नाही. वजन तेवढंच असलं तरी कधी उचलायचं, किती वेळा आणि थांबायचं कधी हे आपल्या हातात आहे की नाही याने सगळं बदलतं.

आणि आता ट्रेनर, "आहे तेच चालू ठेव" वाला. तो बहुतेक चांगल्या मनाने म्हणत असेल, इन्स्टावर नवव्या महिन्यात स्विंग मारणाऱ्या बायका त्याने बघितल्या असतील. मीही तसंच केलं होतं. माझ्या दुसऱ्या वेळी, म्हणजे फिजिओ असून, सगळं माहीत असून, ३० व्या आठवड्यापर्यंत १६ ने स्विंग मारले, कारण जमत होते आणि लोक वा वा करत होते. बाळाला काही झालं नाही, एकदम गुटगुटीत झालं. पण स्विंग मारताना २६ व्या आठवड्यापासून लघवीचे दोन थेंब सुटायचे, मी म्हटलं, होतं असं सगळ्यांनाच, पॅड लावला आणि चालू ठेवलं. बाळंतपणानंतर शिंकले तरी सुटायची, जवळजवळ वर्षभर. पेशंटना रोज सांगते ते स्वतःचं ऐकलं नाही. थेंब सुटणं म्हणजे शरीर सांगत असतं की आता हे मला पेलत नाहीये.

म्हणून माझं मत, आणि हे मत आहे, कायदा नाही, की गरोदरपणात केटलबेलमधलं पहिलं काय सोडायचं तर स्विंग. बाळाला हिसका बसतो म्हणून नाही, बाळ पाण्यात आहे, सुरक्षित आहे. सोडायचं ते आईच्या शरीरासाठी. स्विंगमध्ये वजन जोरात खाली येतं, एका क्षणात थांबवून उलटं फिरवायचं असतं, त्या क्षणाला पोटाच्या आतला दाब एकदम वाढतो, आणि तो दाब झेलायचा कुणी तर पुढे पोटाच्या भिंतीने आणि खाली पेल्व्हिक फ्लोअरने, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी जी स्नायूंची झोळी असते तिने. आणि या दोघींवरच आता दिवसेंदिवस जास्त वजन येतंय. साधारण १२ आठवड्यांपर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आतच असतं, तुझं आत्ता नुकतंच वर डोकावतंय, विसाव्या आठवड्याला बेंबीपर्यंत येईल. पोट पुढे आलं की हात आणि पोट एकमेकांच्या वाटेत येतात, मग बाई नकळत पाय जास्त फाकवते, हात लांब धरते, म्हणजे बेल शरीरापासून लांब गेली, म्हणजे कंबर गेली. मी माझ्या बायकांचे स्विंग १६ ते २० आठवड्यांच्या मध्ये कधीतरी बंद करते. तू आत्ता करत असशील तर १२ वरून ८ वर ये, दहा-दहाचे थोडेच सेट, मध्ये भरपूर दम घे, आणि खाली जडपणा किंवा थेंब जाणवला तर त्याच दिवशी बंद. नाहीच केलेस तरी काही बिघडत नाही, खरंच.

स्नॅच आणि क्लीन, म्हणजे बेल झटक्यात डोक्यावर किंवा खांद्यापर्यंत नेणं, पण त्याच वाटेने. त्यात आणखी एक भानगड असते जी कुणी सांगत नाही, गरोदरपणात हाताला सूज येते आणि मनगटातली नस दाबली जाते, सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या, पकड सैल. अशा हातात बेल उलटून मनगटावर आपटणारी मूव्हमेंट कशाला करायची, आणि सुटली तर कुठे पडणार? टर्किश गेटअप सोड. पाठीवर झोपून सुरुवात, वर वजन, आणि उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो, आपला छपराचा कोना असतो ना तसा. तो दिसला की समजायचं पोटाच्या भिंतीला जमत नाहीये. पोटाचे दोन उभे पट्टे एकमेकांपासून लांब होणं हे शेवटच्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांचंच होतं, त्याला घाबरायचं नाही, बाळाला जागा कुठून मिळणार नाहीतर, पण त्या जागेवर मुद्दाम ताण द्यायचा नाही. त्याच कारणाने पलंगावरून उठताना पण सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं आणि हाताने रेटून उठायचं, हे दिवसातून दहा वेळा होतं, व्यायाम आठवड्यातून तीनदा, म्हणजे महत्त्वाचं कुठलं ते बघ. पाठीवर झोपून करायचं काहीही विसाव्या आठवड्यानंतर मी घेत नाही, गर्भाशयाच्या वजनाने पाठीमागची मोठी शीर दाबली जाते आणि काही जणींना गरगरतं, मळमळतं.

मग उरलं काय? खूप उरलं, आणि जे उरलं तेच मला जास्त आवडतं. डेडलिफ्ट, पण जमिनीवरून नाही, बेल उंचावर ठेव. घरात दोन पाट असतील तर एकावर एक ठेव, हलत नाहीत ना बघ, त्यावर बेल, पाय थोडे रुंद. पोट वाढेल तसा तिसरा पाट. वर येताना तोंडाने श्वास सोडायचा, फुंकर घातल्यासारखा, आणि सोडतानाच खालून हलकंसं आत ओढून घ्यायचं. कुंथायचं नाही. हा एक शब्द लक्षात ठेवलास तरी माझं अर्धं काम झालं, कुंथल्याशिवाय उचलता येत नसेल तर ते वजन आज तुझं नाही. आणि एकदम ताडकन उभी राहू नकोस, मधल्या महिन्यांत बीपी जरा खाली असतं, डोळ्यापुढे अंधारी येते.

गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे बेल छातीशी धरून बसणं-उठणं, मागे खुर्ची किंवा स्टूल ठेव, त्याला टेकून उठ. पोट मोठं झालं की बेल छातीशी धरणं अवघड होतं, तेव्हा दोन हातात दोन छोट्या, किंवा काहीच नाही. एका हाताने रोईंग, म्हणजे वाकून बेल कमरेकडे ओढणं, दुसरा हात खिडकीच्या कट्ट्यावर किंवा बेंचवर टेकवून, हे तर शेवटपर्यंत करता येतं, आणि पुढे बाळाला पाजताना खांदे पुढे वाकतात त्याची आधीच तयारी होते. प्रेस, म्हणजे बेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं, करायची असेल तर बसून किंवा एक गुडघा खाली टेकून, आणि बरगड्या वर उचलल्या जात असतील, कंबर मागे कमान होत असेल तर वजन कमी.

आणि माझी सगळ्यात लाडकी, सूटकेस कॅरी. एका हातात बेल घेऊन चालायचं, बस. सासूबाईंची बादलीच ही, फक्त ओली फरशी नाही. वीस पावलं जायचं, हात बदलायचा, वीस पावलं यायचं. शरीर वजनाकडे झुकायला बघतं आणि आपण झुकू द्यायचं नाही, एवढाच व्यायाम. पोटाच्या बाजूचे स्नायू, कुल्ले, पकड सगळं काम करतं आणि पोटावर पुढून दाब येत नाही. बाळ झाल्यावर एका हातात कार सीट किंवा कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन जिने चढशील तेव्हा आठवण येईल माझी. फक्त जांघेत किंवा पुढे मधल्या हाडात दुखायला लागलं, कुशीवर वळताना कळ आली, जिना चढताना चमक आली, तर एका बाजूचं वजन आणि एका पायावरचं सगळं थांबवायचं, पावलं छोटी टाकायची, झोपताना गुडघ्यांत उशी, आणि फिजिओला दाखवायचं. ते सहन करायचं दुखणं नाही.

किती करायचं विचारशील. आठवड्यातून तीन दिवस, तीस-पस्तीस मिनिटं वॉर्मअप धरून, बाकीच्या दिवशी चालणं, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललीस तर शुगरसाठी उत्तम. प्रत्येक सेटला थांबताना असं वाटलं पाहिजे की अजून तीन-चार झाल्या असत्या. व्यायाम करता करता तुला फोन आला तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल, ही परीक्षा घड्याळातल्या ठोक्यांपेक्षा बरी, कारण आता बसल्या जागी पण ठोके दहा-वीसने वाढलेले असतात. आणि आकडे पुढे न्यायचे दिवस हे नाहीत. आत्ता १२ ने करतेस ते ३० व्या आठवड्यात ८ ने करशील, ३६ व्या आठवड्यात नुसती कॅरी आणि रोईंग करशील, याला मागे जाणं म्हणू नकोस, पोटातलं वजन वाढतंयच की.

उपाशीपोटी करू नकोस, दोन खजूर किंवा अर्धा शेंगदाण्याचा लाडू तासभर आधी. नागपूर-अकोल्याकडे असशील तर मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरकून घे किंवा सोडून दे, बंद पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तर मुळीच नको. पायात घसरणाऱ्या चपला नकोत, अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट.

पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम रोज कर, पण नुसतं आवळणं म्हणजे व्यायाम नाही, सोडणं पण शिकायचं. आमच्याकडे जिममधल्या मुली येतात त्यातल्या कित्येकींचं उलटंच असतं, सगळं चोवीस तास आवळून ठेवलेलं, आणि बाळ बाहेर यायचं तर तिथून सोडावंच लागतं ना. श्वास आत घेताना ढिलं सोड, बाहेर सोडताना वर ओढ, दहा वेळा, दोन-तीनदा दिवसातून, कुकरच्या शिट्या मोजता मोजता होतं.

खालीलपैकी काही झालं तर बेल खाली ठेवायची आणि डॉक्टरांना फोन, सेट पूर्ण करायचा नाही. अंगावरून लाल जाणं, पाणी गेल्यासारखं वाटणं, पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होऊन दुखणं, व्यायाम सुरू करायच्या आधीच धाप, छातीत दुखणं, चक्कर, एका पोटरीत दुखणं किंवा सूज, जोराचं डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे काजवे. शेवटचं विशेषतः सातव्या महिन्यानंतर, ते ॲसिडिटीवर ढकलू नकोस. आणि बाळाची हालचाल एरवीपेक्षा कमी वाटली तरी फोन करायचाच, तेव्हा व्यायाम केलेला असो नसो.

तुझं वाचून ज्या कधीच केटलबेल न केलेल्या मुली उद्या दुकानात जाऊन आठ किलोची घेऊन येतील त्यांच्यासाठी, बायांनो आत्ता स्विंग शिकायची वेळ नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीवर जोर, चालणं, आणि मग पाणी भरलेल्या दोन बाटल्या, इथून सुरुवात करा. केटलबेल कुठे पळून जात नाही, रशियात धान्याच्या बाजारात वजनाचं माप म्हणून वापरायचे ती, एक पूड म्हणजे १६ किलोच्या जरा वर, तेव्हापासून आहे.

बाळंतपणानंतरचं तू विचारलं नाहीस पण विचारशीलच. सव्वा महिना आपल्याकडे शेक, तेल, डिंकाचे लाडू, पडून राहणं, त्याला मी नावं ठेवत नाही, फक्त पूर्ण पडून राहू नकोस, घरातल्या घरात चाल, श्वासाचा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. सिझर झालं असेल तर टाके वरून भरले म्हणजे आतून भरले असं नसतं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर रिकाम्या हाताने स्क्वॉट आणि हलकी कॅरी, आणि स्विंग? धावण्यासाठी साधारण तीन महिने थांबा असं सांगतात, मी स्विंगला तोच हिशोब लावते, आणि तेही थेंब सुटत नसतील, खाली काही ओघळल्यासारखं जड वाटत नसेल तरच. माझ्यासारखं वर्षभर पॅड लावून हिंडू नकोस.

तर आत्ता एवढं कर. हिमोग्लोबिनचा आकडा बघ, वर सांगितलं तसा डॉक्टरांना प्रश्न विचार, आणि ट्रेनरला सांग की स्विंग ८ वर आणलाय. तुझा ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना हे बघायची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांत होईल, त्यात प्लासेंटा कुठे आहे ते लिहिलेलं असतं, "लो लाईंग", म्हणजे वार खाली आहे, असं आलं तर घाबरू नकोस, बहुतेकींची पुढे वर सरकते, पण तोपर्यंत वजन बंद ठेव आणि मला कळव. नॉर्मल आलं तरी कळव, मग विसाव्या आठवड्यानंतर पाट किती लावायचे ते ठरवू.